नखीखालचा हिरवा धागा

दिघाशीला माझं आजोळ. तिथे दसऱ्याला सोनं लुटून झालं की पितळ झेलायची रीत होती. आजूबाजूच्या गावांत ही रीत कुठेच नव्हती, आणि शास्त्रात तर ती नसणारच, कारण ती माझ्या थोरल्या मामांच्या रायफलीबरोबर गावात आली होती.

रायफल डुकरांपासून भात राखायच्या लायसनची. दसऱ्याच्या संध्याकाळी गाव शिवेवर जमायचं, आपट्याची पानं हातोहात व्हायची आणि मग डोंगराच्या उताराकडे तोंड करून त्या रायफलीचा एक बार काढायचा. बार झाल्यावर बोल्ट मागे खेचला की रिकामं काडतूस उडून बाहेर पडतं. ते पितळी टरफल झेलायला गावात नव्या आलेल्या सुना आणि लग्नाच्या मुली ओला पदर दुहेरी धरून उभ्या राहायच्या. ओला अशासाठी, की पितळ तापलेलं असतं. जिच्या पदरात पडेल तिच्या घरी वर्षभरात पाळणा नाहीतर मांडव, अशी समजूत. पडलं नाही कोणाच्याच पदरात, जमिनीवर पडलं, तर म्हाताऱ्या बायका काही न बोलता घरी चालू लागायच्या. ते न बोलणं फार वाईट.

पण धाकटे मामा असले की ते जमिनीवर पडत नसे. बार धाकटे मामाच काढायचे. बार काय, कोणीही काढील, ते म्हणत, पितळ टाकायला मनगट लागतं. बोल्ट हळू खेचला तर टरफल पायाशी पडतं, जोरात खेचला तर लांब जातं, आणि रायफल जराशी कलती केली की दिशा बदलते. ते आधीच एखाद्या नव्या सुनेला विचारून ठेवायचे, "यंदा तुज्याकडं टाकू का गं?" ती लाजून पळायची, आणि पितळ बरोबर तिच्याच पदरात पडायचं. त्यांना शेतीत फारशी गती नव्हती, भजनात आवाज लागत नव्हता, थोरल्या भावापुढे कधी तोंड वर करून बोलले नाहीत. वर्षातून एकदा, त्या एका झटक्यापुरतं, सगळं गाव त्यांच्या मनगटाकडे बघत असे.

ते मनगट एका वर्षी मी त्यांच्याकडून काढून घेतलं. कसं, ते मी गेल्या महिन्यापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा मी भिवंडीत एका लूमच्या शेडमध्ये जॉबर होतो. जॉबर म्हणजे लूम बंद पडला की ज्याच्या नावाने हाका सुरू होतात तो. शेडमधल्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो, खुणांवर काम चालतं, आणि मी मुळातच अबोल. त्यामुळे दिघाशीला गेल्यावरही माझ्या तोंडून शब्द निघत नसे. थोरल्या मामांची मुलगी मला करायची असं आईने मनात धरलं होतं, भावाजवळ ती बोललीही होती. मामा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. एवढंच म्हणायचे, "पोरगा बोलत का न्हाय गं तुजा? मुका हाय, का लूमनं बहिरा झालाय?" हे मुलीच्या देखत. ती आतल्या खोलीत हसायची आणि मला ते ऐकू यायचं, म्हणजे बहिरा तरी मी नव्हतो.

बोलून भाव वाढवता येत नव्हता म्हणून मी वस्तू न्यायचो. दर खेपेला शेडमधल्या तुटक्या सुताचा एक गुंता पिशवीत भरून न्यायचो. आमच्याकडे मशीन, हात, तोंड, सगळं त्या सुताने पुसतात. धाकट्या मामांना ते फार आवडलं. तोपर्यंत ते रायफल जुन्या धोतराच्या चिंध्यांनी पुसायचे. आता माझ्या सुताने पुसायला लागले, आणि वर खोबरेल लावायला लागले. खोबरेलाची बाटली एकच. आधी रायफलीला, उरलं ते केसांना. केस दाट होते त्यांचे, मागे वळवलेले. ते जवळून गेले की देवळातला नारळ फोडल्यासारखा वास यायचा.

त्या वर्षी गौरी-गणपती आटोपले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दसऱ्याची तयारी म्हणून धाकट्या मामांनी घरामागच्या बांधाशी रायफल तपासायला काढली. मीही तिथेच होतो. एक बार झाला. त्यांनी बोल्ट मागे खेचला आणि तो रिकामाच आला. काडतूस आतच राहिलं. गज घालून पुढून ढकललं तेव्हा ते निघालं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. थोरले मामा अंगणातून आले. मुलगी चहाचे कप घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली.

बोल्टच्या टोकाला बाजूने पोलादाची एक बारीक पट्टी असते, पुढे चोचीसारखी वळलेली. ती काडतुसाच्या कडेला पकडते आणि ओढून बाहेर काढते. मुंबईच्या बंदुकीच्या दुकानात तिला एक्स्ट्रॅक्टर म्हणतात, आमच्याकडे नखी. मी बोल्ट हातात घेतला, नखीला नाक लावलं आणि त्या अंगणातलं माझं आयुष्यातलं पहिलं लांबलचक वाक्य बोललो. म्हटलं, तेल चुकलंय मामा, खोबरेल वाळून चिकट होतं, त्याने नखी गेली, ही बदलावी लागेल.

खोटं बोलत होतो असं नाही. खरंच तसं वाटलं. पण मागच्या दाराशी कप वाजायचे थांबले होते, हेही मला कळत होतं.

बदलायची का नाही यावर मग दोन दिवस वाद चालला. रायफल थोरल्या मामांची, पण मत प्रत्येकाला होतं. थोरले मामा म्हणायचे, सरकारी कारखान्यातली वस्तू आहे, जिथे तोफा होतात तिथे झालीय, तिची मूळ नखी उपटून भिवंडीची बसवायची म्हणजे घोड्याला गाढवाचे दात लावल्यासारखं. आई म्हणाली, मुंबईला पाठवा. पण मुंबईहून दसऱ्याच्या आत वस्तू परत येईल याची खात्री कोणालाच नव्हती. धाकटे मामा एकटेच म्हणत होते की नखी चांगली आहे, आधी तिला झालंय काय ते तरी बघा.

त्यावर थोरले मामा त्यांच्याकडे वळले. "तू गप. केसाचं तेल बंदुकीला लावनारा तू. आजपास्नं तिला हात लावायचा न्हाय."

धाकटे मामा हसले. थोरला बोलला की ते नेहमी हसायचे. मग आत जाऊन त्यांनी बाटली उचलली आणि वहिनीच्या हातात दिली.

थोरल्या मामांनी शेवटी बोल्ट भाकरीच्या फडक्यात गुंडाळला, डब्यात घातला आणि डबा माझ्या हातात दिला. बोल्टाशिवाय रायफल म्हणजे काठी, म्हणून तेवढा भिवंडीला नेला तरी हरकत नाही असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. आईकडे बघून म्हणाले, "जावय आपल्या हातानं करनार आसल, तर करू दे."

जावय. तो शब्द त्यांच्या तोंडून सहज निसटला होता की मुद्दाम आला होता, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आईने ऐकला, मी ऐकला, आणि आतून एक कप पडल्याचा आवाज आला. अंबाडी नाक्यावर मी एसटीची वाट बघत उभा होतो तेव्हा तो डबा मला देवाच्या पालखीसारखा वाटत होता. मांडीवर घेऊन बसलो, खाली ठेवला नाही.

शेडमध्ये दुपारची शिफ्ट बदलताना मी बाकावर बोल्ट उघडला. नखी अलगद उचलली. तिच्या खाली, पट्टी आणि बोल्ट यांच्या मधल्या फटीत, सुताची एक गाठ बसली होती. तेलात भिजून, दाबली जाऊन, कातड्यासारखी घट्ट झालेली. तिच्यामुळे नखीची चोच खाली बसत नव्हती, मग ती काडतुसाला धरणार कशी? मी गाठ सुईने उकलली. आत एक हिरवा धागा होता.

त्या महिन्यात आमच्या शेडवर हिरव्या काठाच्या साड्या लागल्या होत्या. समोरच्या लूमवर तोच हिरवा धागा धावत होता.

म्हणजे तेल नव्हतं. माझं सूत होतं. जॉबर पुसतो ते लोखंडाचे मोठे खांब आणि चाकं, तिथे धागा राहिला तरी बिघडत नाही. पण तेच सूत बंदुकीच्या नाजूक फटीत कोणी घालू नये, एवढी अक्कल मला असायला हवी होती. नखीला काहीही झालं नव्हतं. पुसून परत बसवली की संपलं.

तिथेच उठून पुढच्या एसटीने दिघाशीला जायला हवं होतं. धागा दाखवायला हवा होता. मी धाग्याकडे बघत बसलो. मनात हिशेब एकच: हा दाखवला, तर जावय हा शब्द राहील का जाईल?

मग मी ठरवलं की नखी बदलायची. आपण बदलावी लागेल म्हणालो ना, मग बदलली की आपलं बोलणं खरं होईल. ही त्या वेळची माझी अक्कल. नखी करायला पोलाद आणलं कुठून? धोट्यातून. लूममध्ये इकडून तिकडे धावतो तो धोटा, त्याच्या पोटात सुताची कांडी असते, आणि ती कांडी बुडाशी धरून ठेवायला पोलादाचा चिमटा असतो. दिवसभर धोट्याला तडाखे बसतात तरी चिमटा कांडी सोडत नाही. मला वाटलं, काडतुसाची कड आणि कांडीचं बूड यांत फरक तो काय. एका मोडक्या धोट्याचा चिमटा काढून मी घासत बसलो. शेजारच्या लूमवरचा एक वयस्क कारागीर वाकून बघत म्हणाला, "क्या जॉबर, ससुराल का माल है? इतने प्यार से तो मशीन को भी नहीं घिसता." सगळी लाइन हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी फार सुखात होतो. चोराला चोरीच्या आधी जसं सुख असतं तसं.

नखी झाली. बोल्टला बसवली, रिकामं काडतूस लावून पाहिलं. काय पकड होती! काडतूस धरलं ते धरलंच. सोडेना. पक्कडीने ओढून काढावं लागलं. धोट्यातल्या चिमट्याचं काम फक्त धरायचं. नखीला धरायचंही असतं आणि बोल्ट मागे येऊन ठोका बसताच सोडायचंही असतं. ते सोडणं माझ्या पोलादात नव्हतं. खूप घासलं, तरी आलं नाही.

शेवटी कारखान्याचीच मूळ नखी पुसून परत बसवली, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला. काडतूस टणकन उडून शेडच्या पत्र्याला लागलं.

दिघाशीला गेलो तेव्हा मी एवढंच म्हणालो की काम झालं. नवी नखी बसवली असं मी बोललो नाही. अबोल माणसाला खोटं बोलायला फार कमी शब्द लागतात. पण थोरल्या मामांनी विचारलं, "जुनी कुठं हाय?" हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. खिशात हात घातला. हाताला माझी, धोट्याची नखी लागली. तीच काढून त्यांच्या तळहातावर ठेवली.

मामांनी ती उजेडात धरली. कानशीचे माझे ओबडधोबड चरे बघितले आणि मान हलवली. "सरकारी काम हो. बघ कशी घाईत घासलीय." मग नव्या नखीकडे, म्हणजे जुन्याच, बघून म्हणाले, "आन ही बघ. कारखान्याच्या तोंडात मारील."

धाकटे मामा त्यांच्या खांद्यावरून बघत होते. थोरल्या मामांनी माझी ती ओबडधोबड नखी ओटीवरच्या भिंतीला खिळ्यावर अडकवली, आणि पुढे वर्षानुवर्षं आल्यागेल्या पाहुण्याला ते ती दाखवत, सरकारी कारखान्याची लाज आणि माझ्या हाताचं कौतुक एकाच दमात सांगत.

दसऱ्याला बार कोणी काढायचा? धाकट्याने हात लावायचा नाही, हे ठरलेलं. ज्याने नखी केली त्यानेच काढावा, असं थोरल्या मामांनी जाहीर केलं. रायफल माझ्या हातात आली. मुलींचा अर्धगोल उजव्या हाताला, त्यात थोरल्या मामांची मुलगी, ओला पदर दुहेरी धरून. पलीकडे, गर्दीत, रिकाम्या हाताचे धाकटे मामा. डोक्याला तेल नव्हतं, केस वाऱ्याने उभे राहिले होते. थोरला बोलला त्या दिवसापासून त्यांनी खोबरेल सोडलंच होतं.

बार काढला. कानात दडे बसले. आणि बोल्ट मी असा खेचला जसा एखादा माणूस दुसऱ्याच्या घराचं दार उघडतो. टरफल हळूच निघालं आणि माझ्याच चपलेवर पडलं.

म्हाताऱ्यांच्या रांगेत एकीने पदर सावरला आणि ती वळायच्या बेतात होती. थोरल्या मामांचा चेहरा मी बघितला नाही. तेवढ्यात धाकटे मामा पुढे आले. वाकले, तापलेलं पितळ दोन बोटांत उचललं, "आई गं" म्हणत या हातातून त्या हातात नाचवलं आणि मनगटाच्या एका झटक्याने उडवलं. ते उंच गेलं, उतरत्या उन्हात एकदा चमकलं आणि थोरल्या मामांच्या मुलीच्या पदरात पडलं.

"नखीनं दिलं न्हाय तर काय झालं," धाकटे मामा म्हणाले. "मामा हाय न्हवं."

सगळी शीव हसली. ताशा सुरू झाला. वळायला निघालेली म्हातारी परत फिरली आणि मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. थोरले मामाही हसत होते, आणि हसता हसताच त्यांनी माझ्या आईला सांगून टाकलं की मार्गशीर्षात उरकून घेऊ. मी रायफल धरून उभा होतो. एवढा आनंद मला आधी कधी झाला नव्हता. एवढी लाजही नाही. दोन्ही एकदम वाटतात, हे तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी थोरल्या मामांनी बार पुन्हा धाकट्याला दिला, पण तेलाचा डाग पुसला नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात कोणीतरी ती गोष्ट काढायचंच: यांनी केसाचं तेल बंदुकीला लावलं होतं. सगळे हसत, धाकटे मामाही हसत, आणि मी ताटात बघत जेवायचो. माझी बायको त्यांना खोबरेल काका म्हणून चिडवायची, आमची मुलं खोबरेल आजोबा. मी मुलांना एकदा जोरात रागावलो तेव्हा बायको म्हणाली, एवढं काय, ते स्वतःच हसतात की. तिचं बरोबर होतं. म्हणूनच सांगता येत नव्हतं. माणूस रडत असता तर सांगितलं असतं.

थोरले मामा गेल्यावर रायफल पोलीस ठाण्यात जमा झाली. दसऱ्याला बार बंद झाला, पण पितळ राहिलं. जुनं एक टरफल धाकटे मामा हातानेच उडवतात. नव्या सुनांना वाटतं, मुळात रीत हीच असणार.

गेल्या महिन्यात मी आणि बायको त्यांना भेटायला गेलो. ओटीवर बसले होते. भिंतीवर ती नखी अजून होती. चहा झाला आणि मी सांगितलं. काही ठरवून नाही. हिरव्या धाग्यापासून सुरुवात केली आणि चपलेवर पडलेल्या टरफलापाशी थांबलो. इतकं सलग मी बायकोशीही कधी बोललेलो नाही.

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला वाटलं, खरंच माज्या तेलानंच झालं."

हे ऐकायची माझी तयारी नव्हती. मला वाटत होतं, त्यांना आतून माहीत असेल. ते नखी चांगली आहे म्हणाले होते ना. पण नाही. इतकी वर्षं ते हसत होते आणि हसता हसता खरं मानत होते. मी मान खाली घातली. बायको माझ्याकडे बघत होती, आणि ते बघणं कसलं होतं ते मी वर न बघताही सांगू शकतो.

मग धाकट्या मामांनी भिंतीकडे मान वळवली. "थांब. म्हंजे ती सरकारी नखी..."

"माझी."

"दादानं तालुक्याला दाखवली ती?"

"तीच."

ते हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग ठसका लागला, सून पाणी घेऊन धावत आली, पाणी अर्धं धोतरावर सांडलं. "घाईत घासलीय म्हनं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि डोळे पुसत होते. मलाही हसू आलं. बायको मात्र हसत नव्हती.

"म्हणजे माझ्या पदरात पडलं ते सगळं खोटं होतं?" ती म्हणाली. त्या टरफलात ती अजून सुया ठेवते.

"खोटं का आसल?" धाकटे मामा म्हणाले. "पितळ खरं हुतं. टाकनारा खरा. नखी बी कारखान्याची, ती बी खरीच. खोटा ह्यो एकटाच."

तेव्हा ती हसली. तिचं हसू अजून तसंच आहे, आतल्या खोलीतलं.

मी म्हटलं, दसऱ्याला शिवेवर सगळ्यांसमोर सांगतो. त्यांनी हात झटकला. तोंडाने मी अर्धंच सांगीन, आणि उरलेलं अर्धं लोक स्वतःच लावून घेतील, असं त्यांचं म्हणणं. लिहून काढ, म्हणाले, आणि लिहिलेलं शिवेवर कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घेऊ. तू जवळ उभा राहा म्हणजे झालं. म्हणून हे लिहिलं.

निघताना त्यांनी सुनेला हाक मारली आणि खोबरेलाची बाटली मागितली. बाटली आली. त्यांनी टोपी काढली. आत टक्कल होतं, कानांमागे पांढऱ्या केसांची एक बारीक पट्टी तेवढी उरलेली.

"आता मोकळीक मिळाली," ते म्हणाले, "तर लावायला जागाच न्हाय. चोळ तू."

मी त्यांच्या मागे बसलो, हातावर तेल घेतलं आणि चोळलं. ओटीभर वास सुटला.

"सुतानं पुसू नको म्हंजे झालं," ते म्हणाले.